तिसऱ्या बेसवर रनर, एक आउट: एका बॅटरच्या सरावाच्या नोंदी

आयोवातल्या एका विद्यापीठाच्या क्लब बेसबॉल संघाच्या बॅटिंग सरावाचं काम मी पाहतो. क्लब संघ म्हणजे शिष्यवृत्ती मिळणारा मुख्य संघ नव्हे. पोरं स्वतः वर्गणी काढतात, स्वतः गाड्या चालवत सामन्यांना जातात, पगारी कोच नसतो. मी जळगावला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलो होतो, इथे नोकरीला आल्यावर या संघाशी जोडला गेलो.

या मोसमात एकच काम हातात घेतलं. आमचा तिसऱ्या क्रमांकाचा डावखुरा बॅटर एरवी संघातला सगळ्यात भरवशाचा. पण शेवटच्या इनिंगमध्ये रनर तिसऱ्या बेसवर (तिथून तो घरी, म्हणजे होम प्लेटवर, आला की धाव) आणि एकच आउट (तीन आउट झाले की इनिंग संपते), अशा वेळी मागच्या मोसमात त्याच्याकडून धाव निघाली नाही. त्याच्यावर काय काय करून पाहिलं, कशावर पैसे आणि वेळ वाया गेला, काय टिकलं, ते इथे आहे. महाराष्ट्रात सॉफ्टबॉल-बेसबॉलचे संघ चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

१४ जानेवारी

बाहेर बर्फ. सराव इनडोअर हॉलमध्ये, तोही रात्री नऊनंतर, कारण त्याआधी हॉल इतरांकडे असतो.

आधी मागच्या मोसमाचं स्कोअरबुक आणि फोनवरचे व्हिडिओ काढून बसलो. स्कोअरबुकात निकाल आहे, पण चेंडू कुठे आला होता ते नाही. व्हिडिओ बहुतेक डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकावरून, बाजूने घेतलेले. बाजूने पाहिल्यावर चेंडूची उंची थोडीफार कळते, प्लेटच्या आतला की बाहेरचा ते अजिबात कळत नाही. यात बऱ्याच संध्याकाळी गेल्या. ज्याला हे करायचं आहे त्याने पहिल्या सामन्यापासून फोन बॅकस्टॉपच्या जाळीला, प्लेटच्या बरोबर मागे लावावा. क्लॅम्प बारा डॉलरला मिळतो.

जे व्हिडिओ मागून घेतलेले होते त्यांत दोनच प्रकार पुन्हा पुन्हा दिसले. एक, उजव्या हाताच्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) स्लायडर. तो मांडीच्या उंचीवर दिसतो आणि शेवटी डावखुऱ्याच्या मागच्या पायाशी जमिनीत जातो. आमचा गडी त्यावर बॅट घालतो आणि चुकतो. दुसरा, बाहेर आणि खाली जाणारा चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा पण हळू येणारा चेंडू. त्यावर दुसऱ्या बेसकडे हळू ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून गेलेला फटका. दोन्ही चेंडू सोडून दिले असते तर बॉल मिळाले असते (मारण्याच्या ठरलेल्या चौकटीबाहेरचा सोडलेला चेंडू म्हणजे बॉल, असे चार झाले की बॅटरला पहिला बेस फुकट). तो बिचकलेला दिसत नाही. उलट एरवीपेक्षा जास्त चेंडूंवर बॅट घालतो. धाव आपणच काढायची, या भरात त्याचा मारायचा पट्टा गुडघ्याच्या खालपर्यंत पसरतो.

२१ जानेवारी

इथेच पीएचडी करणारा नागपूरचा एक मित्र सांख्यिकीवाला आहे. त्याचं म्हणणं, मोक्याच्या वेळी खेळणारा वेगळा असा बॅटर नसतोच. रिचर्ड क्रेमर यांनी १९७७ मध्ये मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या) १९६९ आणि १९७० या दोन मोसमांची तुलना केली होती. एका मोसमात मोक्याला चमकलेले बॅटर पुढच्या मोसमात तसेच चमकले असं त्यात दिसलं नाही. त्यावर आजवर वाद चालू आहे.

मला यातून एवढंच घ्यायचं आहे की पोराच्या स्वभावावर काम करायचं नाही. तो घाबरट की धीट, हा विषय बंद. कोणत्या चेंडूवर बॅट घालायची आणि कोणत्या नाही, त्यावरच काम.

२८ जानेवारी

पहिला प्रयोग सगळीकडे शिकवतात तोच: रनर तिसऱ्या बेसवर असेल तर फक्त चेंडूला बॅट लावायची. आखूड स्विंग, हात पुढे, जोर नाही. टी-वर (चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर) आणि समोरून हळू टाकलेल्या चेंडूंवर केलं. केजमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, फार छान दिसलं. एकही चेंडू चुकला नाही.

११ फेब्रुवारी

आपसातल्या सामन्यात तोच प्रयोग पूर्ण फसला. उसळत थेट पिचरच्या हातात गेलेला चेंडू, तिसऱ्या बेसजवळ उंच सोपा कॅच, पुन्हा पिचरकडे. बॅट चेंडूला लागते, पण धाव निघत नाही.

कारण शोधताना बॅटपासून सुरुवात केली. एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने) २०११ पासून धातूच्या बॅटला बीबीकॉर मानक (बॅटवरून चेंडू किती उसळतो त्याचं माप) सक्तीचं केलं, ०.५० ची कमाल मर्यादा. आम्हीही त्याच बॅट वापरतो. त्याआधीच्या बॅटमध्ये नळी दबून उसळी द्यायची आणि अर्धवट लागलेला चेंडूही इनफिल्डच्या, म्हणजे बेसजवळच्या फिल्डरांच्या, डोक्यावरून निघून जायचा. आताच्या बॅटमध्ये ते नाही. जोर काढून घेतला तर चेंडू तिथेच पडतो. पण खरी भानगड वेगळी होती. स्विंग आखूड केल्यावर त्याला वाटायला लागलं की आता कुठलाही चेंडू गाठता येईल. पट्टा आणखीच पसरला. मांडीखालच्या चेंडूंवरही हात जायला लागले.

म्हणून नियम उलटा केला: स्विंग पूर्ण, नेहमीचाच. पट्टा छोटा.

१८ फेब्रुवारी

संघाने जुनी दोन चाकांची पिचिंग मशीन घेतली, ९०० डॉलर. वर्गणीतला मोठा तुकडा.

गणित साधं आहे. पिचरची प्लेट होम प्लेटपासून ६० फूट ६ इंचांवर. पिचर पाय पुढे टाकून चेंडू सोडतो तेव्हा हात साधारण ५५ फुटांवर असतो. आमच्या पातळीवर चांगला फास्टबॉल ताशी ८५ मैलांचा, म्हणजे बॅटरकडे सुमारे ०.४४ सेकंद. हॉलमध्ये तेवढी जागा नाही, म्हणून मशीन ४५ फुटांवर ठेवून ७० मैलांवर लावली. वेळ तेवढाच, ०.४४ सेकंद.

दोन आठवड्यांचा सराव यावर घालवला आणि या कामापुरती मशीन बाजूला ठेवली. चाकांतून चेंडू निघतो तेव्हा पिचरचा हात, खांदा, पाय काहीच दिसत नाही. आमचा गडी चेंडू भरणाऱ्या पोराच्या बोटांकडे बघून पाय उचलायला शिकला. सामन्यात ती बोटं नसतात. शिवाय मशीन चेंडू जवळपास त्याच जागी टाकते. चेंडू तिथेच येणार हे माहीत असल्यावर मारायचा की सोडायचा हा प्रश्नच उरत नाही, आणि आम्हाला नेमका त्याच प्रश्नाचा सराव हवा होता.

त्याऐवजी हाताने टाकायला लागलो. एल आकाराच्या जाळीच्या आडून, ३५ फुटांवरून, ताशी ५५ मैल. वेळ पुन्हा ०.४३ ते ०.४४ सेकंद. जाळी उसनी मिळाली, खर्च शून्य. एकाच माणसाने टाकलं तर खांदा धरतो. तिघांनी आळीपाळीने टाकावं. त्यातला एक तरी असा हवा ज्याला स्लायडर वळवता येतो.

२५ फेब्रुवारी

पट्टा छोटा करा म्हणणं सोपं आहे, पण त्याला तो दिसायला हवा. ब्रँच रिकी यांनी मेजर लीगमधल्या डॉजर्स संघाच्या व्हेरो बीच इथल्या सराव तळावर पिचरांसाठी खांबांना दोऱ्या बांधून स्ट्राइक झोनची (ज्यातून गेलेला चेंडू सोडला तरी स्ट्राइक मोजतात त्या जागेची) चौकट उभी केली होती. पिचरने त्या चौकटीतून चेंडू टाकायचा. आम्ही तीच चौकट बॅटरसाठी बांधली: दोन प्लास्टिकचे पाइप, वाळूच्या बादल्या, नारिंगी दोरी. तीस डॉलरच्या आत काम झालं.

वरची दोरी छातीखाली. खालची दोरी नियमाप्रमाणे गुडघ्याखाली जायला हवी, ती मुद्दाम मांडीच्या मध्यावर आणली. त्या दोन दोऱ्यांमधला पट्टा त्याचा. खालचा स्ट्राइक असला तरी पहिल्या दोन स्ट्राइकपर्यंत त्याने सोडायचा.

पहिले काही दिवस बॅट खांद्यावरच. चेंडू जाळीत पडायच्या आत त्याने मोठ्याने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. फास्टबॉलवर उत्तर लगेच बरोबर यायला लागलं. स्लायडरवर मात्र ‘हो’ म्हणायचा आणि चेंडू त्याच्या मागच्या बुटाशी पडायचा.

इथे एक गोष्ट उपयोगी पडली. स्लायडर नीट फिरत असला तर लाल शिवण एका जागी गोल फिरताना चेंडूच्या तोंडावर लाल ठिपका दिसतो. फास्टबॉलवर तो दिसत नाही, चेंडू सगळीकडून सारखाच धूसर पांढरट दिसतो. आमचा स्लायडरवाला पोरगा ३५ फुटांवरून टाकत होता आणि हा बॅट खांद्यावर घेऊन नुसता ठिपका मोजत होता. तिसऱ्या संध्याकाळी त्याने बॅट खाली ठेवली, प्लेटच्या मागे कॅचरच्या जागी जाऊन उकिडवा बसला आणि तिथून बघायला लागला. ‘हा सुरू कुठे होतो ते मला बघायचंय,’ म्हणाला. अर्धा तास तसाच. मग त्याचा त्यालाच नियम सापडला: मांडीच्या उंचीला सुरू होणारा चेंडू आपला नाही, कारण तो मांडीला थांबत नाही. पोटाच्या उंचीला सुरू होणाराच आपला.

चेंजअपला ठिपका नाही, तो फास्टबॉलसारखाच दिसतो. पण तोही खालीच जातो, त्यामुळे याच नियमात अडकतो. एका नियमात दोन्ही रोग गेले म्हणून मला हा ठिपक्यापेक्षाही जास्त कामाचा वाटतो. शिवाय सगळ्यांनाच ठिपका दिसत नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तर कुणालाच नाही.

क्रिकेटमधून आलेल्यांसाठी: तिथे बाहेरचा चेंडू कितीही सोडता येतो. इथे सोडलेला स्ट्राइक मोजला जातो आणि तिसरा झाला की आउट. म्हणून ही योजना दोन स्ट्राइकपर्यंतच चालते.

४ मार्च

दडपण कसं आणायचं, यावर वेळ गेला.

आधी स्पीकरवर गर्दीचा आवाज लावला. काही चेंडूंनंतर कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मग ठरवलं की त्याच्याकडून धाव निघाली नाही तर सगळ्या संघाने पळायचं. हे पहिल्याच दिवशी थांबवायला हवं होतं, आठवडाभर चाललं. पोरं वैतागली, तो ओशाळला, आणि पट्टा पुन्हा पसरला, कारण आता कसंही करून बॅट लावायचीच होती. शिक्षेने दडपण येतं खरं, पण ते सामन्यातलं दडपण नव्हे.

चाललं ते एकच. सामन्यात बॅटर प्लेटवर येतो तेव्हा तो अर्धा-पाऊण तास बसून किंवा आउटफिल्डमध्ये उभा राहून आलेला असतो, अंग थंड असतं, आणि संधी एकच असते. सरावात मात्र बादलीभर चेंडू ओळीने मारायला मिळतात. म्हणून त्याचा मोक्याचा सराव म्हणजे संध्याकाळभरात एकच ‘थंड’ पाळी. कधी ते त्याला माहीत नाही. बाकीच्यांचं फिल्डिंग चालू असताना मध्येच शिट्टी, हेल्मेट, बॅट, आणि पिचर तयार. खरा रनर तिसऱ्या बेसवर, खरं इनफिल्ड. चुकला तर चुकला, आज दुसरी संधी नाही. उद्या.

याला सगळा संघ लागतो आणि वीस मिनिटं जातात एका पाळीसाठी. कॅप्टनशी यावरून दोनदा बोलाचाली झाली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, बाकीच्यांचाही सराव असतो. मधला मार्ग म्हणून दर संध्याकाळी वेगळ्या बॅटरची एक पाळी आणि याची एक, असं केलं. त्याचा फायदाच झाला. इनफिल्डलाही धाव अडवायचा सराव मिळाला.

११ मार्च

आज चिठ्ठ्या तयार केल्या. जाड कागद, खिशात मावतील एवढ्या. शिट्टी वाजली की एक चिठ्ठी ओढायची, तीच परिस्थिती.

करताना लक्षात आलं की ‘मोक्याची वेळ’ ही एक गोष्टच नाही. तिसऱ्या बेसवर रनर असताना बॅटरने तीन गोष्टी बघायच्या: आउट किती, इनफिल्ड कुठे, कॅचर कसा.

एक आउट, इनफिल्ड नेहमीच्या जागी मागे असेल तर ते धाव द्यायला तयार आहेत. दुसऱ्या बेसकडे किंवा शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरकडे) गेलेला साधा ग्राउंडरही चालतो. इथे खालच्या चेंडूवर बॅट गेली तरी फारसं बिघडत नाही.

एक आउट, इनफिल्ड पुढे सरकलेलं असेल तर ते घरीच आउट करायला बसलेत. आता सरळ हातात गेलेला ग्राउंडर म्हणजे रनर गेला. हवा तो वरचा चेंडू, आउटफिल्डपर्यंत जाणारा. झेल झाला तरी रनर झेलानंतर घरी येतो. दोऱ्यांचा पट्टा मुख्यतः याच परिस्थितीसाठी आहे.

दोन आउट असतील तर झेलाने इनिंग संपते. उंच मारण्याचा फायदा संपला. इथे हिट हवा किंवा चार बॉल.

कॅचरचं कुणी सांगत नाही, पण ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रनर तिसऱ्या बेसवर असताना पिचरने स्लायडर जमिनीत घातला आणि कॅचरला तो अडवता आला नाही, तर धाव फुकट. कॅचर कच्चा असेल तर पिचर तो चेंडू टाकायला कचरतो, म्हणजे फास्टबॉलची वाट बघायची. कॅचर पक्का असेल तर स्लायडर येणारच. पहिल्या दोन इनिंगमध्येच डगआउटमधून हे बघून ठेवायचं. आणि चेंडू मागे गेलाच तर बॅटरने प्लेटपासून लांब व्हायचं, बॅट बाजूला फेकायची आणि येणाऱ्या रनरला हाताने घसरायची खूण करायची.

पोरांना दाखवायला दोन जुन्या पाळ्या काढल्या. कॉलेज बेसबॉलची अंतिम स्पर्धा, कॉलेज वर्ल्ड सिरीज, १९५० पासून शेजारच्या नेब्रास्कातल्या ओमाहामध्ये होते, त्यामुळे इथल्या पोरांना या गोष्टी घरच्या आहेत. एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या) वॉरेन मॉरिसची १९९६ ची पाळी सगळ्यांना पाठ: मायामीविरुद्ध अंतिम सामना, नववी इनिंग, एलएसयू ७-८ ने मागे, दोन आउट, तिसऱ्या बेसवर रनर, पहिल्याच चेंडूवर उजव्या बाजूला होमर (चेंडू थेट कुंपणापार), ९-८. मनगटाजवळचं हाड मोडल्यामुळे तो मोसमातले बरेच सामने बाहेर होता, आणि त्या मोसमातला हा त्याचा पहिलाच होमर. प्रत्येक पोराला अशीच पाळी हवी असते.

मला त्यांना दुसरी दाखवायची होती. २०१०, साउथ कॅरोलायना विरुद्ध यूसीएलए (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ), ओमाहाच्या रोझनब्लाट स्टेडियमवरची शेवटची सिरीज, अकरावी इनिंग, १-१. स्कॉट विंगोने चार बॉलवर पहिला बेस मिळवला. कॅचरच्या हातून चेंडू सुटला, तो दुसऱ्यावर गेला. पुढच्याने बंट करून (चेंडूला नुसती बॅट टेकवून) त्याला तिसऱ्यावर नेलं. एक आउट. मग व्हिट मेरिफिल्ड. त्याने पहिले दोन चेंडू सोडले, दोन्ही बॉल. तिसऱ्यावर उजव्या बाजूला साधा सिंगल (एका बेसपुरता हिट), २-१, विजेतेपद. सोडलेले ते दोन चेंडू मी पोरांना पुन्हा पुन्हा दाखवले. काउंट दोन-शून्य (दोन बॉल, शून्य स्ट्राइक) झाल्यावर अडचण पिचरची असते, बॅटरची नाही.

१८ मार्च

प्लेटवर जाण्याआधी काय करायचं, यावर काम.

कॅलिफोर्नियातल्या कॅल स्टेट फुलर्टन विद्यापीठाचे केन रविझ्झा हे या बाबतीत कॉलेज बेसबॉलमधलं मोठं नाव. खेळाचं मानसशास्त्र शिकवायचे, बेसबॉल संघासोबत बसायचे. २००४ मध्ये कॅल स्टेट फुलर्टनचा संघ सुरुवातीला १५ विजय, १६ पराभव असा अडखळला होता. त्यांच्या डगआउटमध्ये खेळण्यातलं एक छोटं कमोड ठेवलेलं असायचं. चूक झाली की त्याचं फ्लश ओढायचं, विषय संपला. त्या संघाने त्या वर्षी ओमाहात विजेतेपद मिळवलं. ते बॅटरांना मैदानातली एक ठरलेली जागा बघायलाही शिकवत. डोकं भरकटलं की नजर तिथे न्यायची, श्वास सोडायचा, परत यायचं.

आम्ही सुरुवातीला सहा पायऱ्यांचा क्रम केला: ग्लोव्ह, श्वास, खांब, बॅटवरचं अक्षर, पाय, पुन्हा श्वास. थंड पाळीत त्याला चौथी पायरी आठवेना, आणि ती आठवण्यातच पहिला स्ट्राइक निघून गेला. तीन ठेवल्या. ऑन-डेकवर (पुढची पाळी आपली म्हणून थांबायच्या जागी) असताना योजना मोठ्याने सांगायची, मनात नाही, आपल्या मागून येणाऱ्या बॅटरला: ‘एक आउट, इनफिल्ड पुढे, पोटाच्या उंचीचा फास्टबॉल.’ मग बॉक्सच्या (बॅटरने उभं राहायच्या चौकटीच्या) बाहेर डाव्या फाउल पोलकडे (मैदानाच्या डाव्या कडेच्या खांबाकडे) बघून एक लांब श्वास सोडायचा. मग पाय आत.

मोठ्याने सांगायचा भाग पोरांना आधी अवघडल्यासारखा वाटला, पण सगळ्यात जास्त टिकला तोच. तोंडाने सांगायचं म्हटलं की योजना आपोआप छोटी होते. तीन गोष्टी सांगायला लागला की मागचा बॅटरच थांबवतो.

२६ मार्च

मैदानावरचे पहिले सामने बर्फामुळे रद्द. मोटेलचे पैसे परत मिळाले नाहीत. परत हॉलमध्ये.

४ एप्रिल

डबलहेडरचा (एकाच दिवशी दोन सामने) पहिला सामना, सात इनिंगचा. सातवी, आम्ही एकाने मागे, एक आउट, तिसऱ्या बेसवर रनर, इनफिल्ड पुढे. हवी होती तीच चिठ्ठी.

स्लायडर मागच्या पायाशी, सोडला. बॉल. गुडघ्याच्या उंचीला फास्टबॉल, सोडला. स्ट्राइक. पुन्हा तसाच, सोडला. दुसरा स्ट्राइक. चौथा चेंडूही तिथेच, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात, आणि तो बघत राहिला. आउट. सामना हरलो.

डगआउटमध्ये काहीजण कुरकुरले की सरावात याला नुसतं सोडायला शिकवलं. मी व्हिडिओ रात्री चार वेळा पाहिला. पहिले तीन निर्णय योजनेप्रमाणे आणि बरोबर. त्या पिचरने खालच्या कोपऱ्यात ओळीने तीन चेंडू घातले, ते त्याचं श्रेय. चौथ्यावर मात्र खालची दोरी गुडघ्यावर उतरायला हवी होती. ती उतरवायचा सराव आम्ही केलाच नव्हता. सगळ्या थंड पाळ्या शून्य-शून्यपासून सुरू होत होत्या.

८ एप्रिल

आता अर्ध्या पाळ्या एक बॉल, दोन स्ट्राइकवरून सुरू. पाटीवर लिहूनच ठेवलं.

दोन स्ट्राइकवर त्याचं सगळं बदलतं: हात मुठीवर एक इंच वर, पाय थोडे रुंद, पुढचा पाय उचलायचा नाही, फक्त टाच. प्लेटच्या थोडं जवळ. खालची दोरी गुडघ्याखाली. इथे जवळचा चेंडू फाउल करत राहणं, म्हणजे रेषेबाहेर मारत राहणं, हेही यश. फाउलने तिसरा स्ट्राइक होत नाही, बंट सोडून.

मुद्दा एवढाच की हा बदल डोळ्यांना दिसायला हवा. हात वर सरकवला की डोक्यालाही कळतं की पट्टा आता मोठा. आधी नुसतं तोंडी सांगत होतो, त्याने काही होत नव्हतं. हात सरकवायला लावल्यापासून कोपऱ्यातल्या चेंडूंवर बॅट जायला लागली. पहिल्या दिवशी पाय न उचलता त्याचा तोल मागे जात होता. टी-वर, बिनचेंडूने, आरशासमोर असं करून दोन संध्याकाळी घालवल्यावर बसला.

१८ एप्रिल

परगावचा सामना. नववी इनिंग, ५-५, एक आउट, तिसऱ्या बेसवर रनर, इनफिल्ड पुढे. कॅचर दिवसभर सगळं अडवत होता, म्हणजे स्लायडर येणारच. ऑन-डेकवर त्याने मागच्या बॅटरला ते सांगितलंही.

पहिला स्लायडर जमिनीत. बॉल. दुसरा फास्टबॉल मांडीला, सोडला, स्ट्राइक. बॉक्सच्या बाहेर आला, पोलकडे बघितलं. तिसरा पुन्हा स्लायडर, मांडीच्या उंचीला सुरू झालेला. त्याच्या पुढच्या खांद्याची हालचाल सुरू झाली होती, पण हात मागेच राहिले. चेंडू कॅचरच्या छातीला लागून समोर पडला. दोन-एक. पिचरने मान हलवून कॅचरची खूण नाकारली.

चौथा फास्टबॉल, कमरेच्या उंचीला, थोडा बाहेर. पूर्ण स्विंग. लेफ्ट-सेंटरला खोल. आउटफिल्डरने धावत झेल घेतला, रनर सहज घरी. ६-५. त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात आमच्या पिचरने ते राखलं.

सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला, पण रनर घरी आला) असल्याने त्याच्या सरासरीत ही पाळी मोजलीच जात नाही. म्हणून आम्ही वेगळी वही ठेवली आहे: काउंट, पट्ट्याबाहेरचे किती सोडले, आतले किती मारले, धाव निघाली का. सरासरी बघून हे काम पुढे जातंय की नाही ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच परिस्थितीत पोटाच्या उंचीचा फास्टबॉल मिळाला आणि त्याने तो शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर उंच उडवला. सोपा झेल. वहीत निर्णय बरोबर, धाव नाही, असंच लिहिलं आहे.

२६ एप्रिल

हिशेब. मशीन ९००, चौकट ३०च्या आत, क्लॅम्प १२, चेंडूंच्या दोन पेट्या १५०. मशीन या कामाला लागली नाही, पण आउटफिल्डला उंच झेल द्यायला रोज लागते, म्हणून विकायची नाही असं कॅप्टनने ठरवलं आणि मला ते पटतं.

राहिलेलं काम: डावखुरा पिचर. वर लिहिलेलं सगळं उजव्या हाताच्या पिचरविरुद्ध आहे. डावखुऱ्याचा स्लायडर आमच्या गड्यापासून लांब, बाहेर पळतो. तो पोटाच्या उंचीला सुरू होऊनही हाताबाहेर जातो. तिथे खालच्या दोरीचा उपयोग नाही, बाहेरच्या बाजूला उभी दोरी लागेल. चौकटीला तिसरा पाइप जोडून झालाय. डावखुरा टाकणारा आमच्याकडे एकच आहे आणि त्याच्या परीक्षा ८ मेपर्यंत आहेत, त्यामुळे सुरुवात त्यानंतर.